जकातीची गणना : नरसी नामदेव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परिचित असलेले नरसी नामदेव हे गाव हिंगोली जिल्ह्यात आहे. हळद, सोयाबीन व किरकोळ व्यापार यांवर या परिसराचे अर्थकारण चालते. येथील मुस्लिम शेतकरी व दुकानदार यांच्या दृष्टीने जकात हे ऐच्छिक दान नसून संपत्तीत गरिबांचा असलेला हक्क आहे. म्हणूनच तिची गणना अचूक असणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत विवेचन मुख्यत्वे हनफी मतानुसार केले आहे.

निसाब व तोळ्याचा प्रश्न :
ज्या किमान संपत्तीवर जकात लागू होते तिला 'निसाब' म्हणतात. सोन्यासाठी तो साडेसात तोळे (८७.४८ ग्रॅम) व चांदीसाठी साडेबावन्न तोळे (६१२.३६ ग्रॅम) आहे. येथे तोळा ११.६६४ ग्रॅमचा आहे; सराफ बाजारात मात्र आज १० ग्रॅमला तोळा म्हणतात. तो धरल्यास चांदीचा निसाब ५२५ ग्रॅम होतो. चांदीचा दर ग्रॅमला १०० रुपये मानला, तर निसाब ६१,२३६ रुपयांऐवजी ५२,५०० रुपये येईल आणि ५५,००० रुपये बाळगणाऱ्यावर नसलेली जबाबदारी पडेल.

गणनेची रीत :
समजा, एका किराणा दुकानदाराकडे रोख व बँकेत ८०,००० रुपये, विक्रीचा माल १,५०,००० रुपयांचा आणि खात्रीची येणी ३०,००० रुपये आहेत. एकूण २,६०,००० रुपयांतून घाऊक व्यापाऱ्याचे देणे ६०,००० रुपये वजा केल्यास २,००,००० रुपये उरतात. त्यावर अडीच टक्क्यांनी ५,००० रुपये जकात होते. राहते घर, दुकानातील फडताळे, तराजू यांवर जकात नाही. पत्नीचे दागिने तिची मालमत्ता असल्याने त्यांचा हिशेब स्वतंत्र करावा. वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे असते. दिवाळी किंवा मार्चअखेर हिशेब करणाऱ्याची सुमारे ३३ वर्षांत एका वर्षाची जकात राहून जाते.

शेतीचे उत्पन्न :
पिकावरील देय 'उश्र' होय. त्यासाठी वर्षपूर्तीची अट नाही. ते सुगीच्या वेळीच द्यावयाचे असते. पावसावरील पिकाचा दहावा, तर खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा भाग देय असतो. म्हणजे कोरडवाहू २० क्विंटल सोयाबीनवर २ क्विंटल, तर विहिरीवर मोटार लावून भिजवलेल्या २० क्विंटल हळदीवर १ क्विंटल. बियाणे व मजुरी वजा करावी काय, तसेच भारतातील जमिनींना उश्र लागू होतो काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यामुळे शेतकऱ्याने जाणकार आलिमाचा सल्ला घेणे इष्ट.

हक्कदार व निष्कर्ष :
कुरआनच्या नवव्या सूरेतील साठाव्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत गरीब, निराधार व कर्जबाजारी यांचा समावेश होतो. आई-वडील, अपत्ये व जोडीदार यांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहिणीस मात्र देता येते. थोडक्यात, वजन, कालगणना व सिंचन या तीन बाबी तपासल्यास देणाऱ्यावर अधिक भार पडत नाही आणि घेणाऱ्याचा हक्कही बुडत नाही.