पोलादाचा मृदू स्वर

भिलाईच्या सेक्टरांत वाढलेल्या मराठी माणसाला पोलादाची ओळख करून द्यावयास नको. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून येथल्या कित्येक कुटुंबांचे अन्नपाणी याच धातूवर चालत आले आहे. त्याच साली अमेरिकेत पोलाद एका निराळ्या चाकरीत, वाद्यांच्या पोटात, नाव कमावत होते. रे चार्ल्स या अंध गायकाने ‘व्हॉट्ड आय से’ हे गीत वुर्लिट्झर कंपनीच्या इलेक्ट्रिक पियानोवर वाजवून सोल संगीताची वाट रुंद केली. आणि दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना अंथरुणावर पडल्यापडल्या वाजवता यावेत म्हणून बाँबफेकी विमानांच्या अ‍ॅल्युमिनियम नळ्यांपासून चिमुकले पियानो घडवणाऱ्या हॅरॉल्ड ऱ्होड्स या शिक्षकाने इलेक्ट्रिक पियानोसाठी गिटारनिर्माता लिओ फेंडरशी भागीदारी केली.

ऱ्होड्सच्या वाद्यात हातोडी आघात करते ती पोलादी काडीवर. तिचे कंपन शेजारचे चुंबक व तारेचे वेटोळे विद्युत्प्रवाहात रूपांतरित करतात, आणि काडीवरची बारीक स्प्रिंग पुढेमागे सरकवून स्वर मिळवतात. वुर्लिट्झरमध्ये काडीच्या जागी पोलादी पट्टी असून तिच्या टोकावर डाखाचा थेंब असतो. स्वर चढवावयाचा तर तो थेंब कानशीने किंचित घासावा, एवढे हे काम कारखान्यातल्या फिटरच्या ओळखीचे! ऱ्होड्सची कळ हळुवार दाबली तर देवघरातली घंटा किणकिणावी तसा नाद निघतो, जोराने दाबली तर तेच वाद्य गुरगुरते. हा दुसरा गुण पियानोत नाही.

तथापि हे वाद्य पियानोची गरीब आवृत्ती होय, असाच पुष्कळांचा समज होता. आपल्याकडे संवादिनीला 1940 साली आकाशवाणीने हद्दपार केले त्याची कारणे वेगळी, पण अशा अवहेलनेची जात एकच. 1968 साली जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने आपला पियानोवादक हर्बी हॅन्कॉक याला ऱ्होड्सपुढे बसवले तेव्हा हॅन्कॉकलाही ते खेळणेच वाटले. कळ दाबताच मात्र त्याचे मत फिरले. पुढल्या फेब्रुवारीत डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ या तबकडीसाठी हॅन्कॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल असे तिघे विद्युत-वाद्यांवर एकत्र बसले. तिघांचे स्वर एकमेकांत इतके विरघळतात की कोण कोठे थांबला याचा थांग लागत नाही. माझ्या मते या परंपरेतील श्रेष्ठ तबकडी हीच. हॅन्कॉकची 1973 ची ‘हेड हंटर्स’ अधिक लोकप्रिय झाली, आणि ती पाय थिरकवते याबद्दल तक्रार नाही, परंतु तीत ऱ्होड्सला एवढी मोकळी हवा मिळत नाही.

सोलमध्ये 1972 साली डॉनी हॅथवेची ‘लाइव्ह’ आणि स्टीव्ही वंडरची ‘टॉकिंग बुक’ निघाली. पहिलीत वुर्लिट्झरला श्रोत्यांचा ओरडा व टाळ्या जणू साथ करतात.

या घराण्याचा एक धागा मराठी घरापर्यंतही येतो. बेळगावात जन्मलेल्या ठुमरी-गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू, यांनी 1988 च्या ‘उस्फ्रेत’ या तबकडीत आईलाच गावयास बसवले, आणि पुढे खुद्द झाविनुलबरोबरही वाजवले. ‘इन अ सायलेंट वे’ ऐकून झाल्यावर जिज्ञासूंनी ‘उस्फ्रेत’ लावावी; निरनिराळ्या संगीतांच्या मिश्रणाचा मार्ग उलट दिशेने, आपल्या अंगणातून, कसा जातो ते तेथे ऐकू येते.