किराणा दुकानातून उभी राहिलेली कंपनी

लक्स, लाइफबॉय, रिन, व्हील हा माल आपल्या बहुतेक दुकानदार बांधवांच्या फळीवर असतो. तो बनविणारी हिंदुस्तान युनिलिव्हर ही युनिलिव्हर या परदेशी कंपनीची भारतातील शाखा. २००७ पर्यंत तिला हिंदुस्थान लिव्हर म्हणत. ही कंपनी एवढी मोठी कशी झाली, हे आपल्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

तिचा मूळ पुरुष विल्यम लिव्हर हा इंग्लंडमधील बोल्टन गावच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्या काळी साबणाच्या लांब कांड्या येत; दुकानदार तुकडा कापून, तोलून देई. माल कोणाचा, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. लिव्हरने १८८५ च्या सुमारास भावाच्या साथीने साबणाचा धंदा सुरू केला, ठरावीक वजनाची वडी कागदात गुंडाळली आणि तिच्यावर ‘सनलाइट’ हे नाव छापले. १८८८ साली हा साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. १९३४ साली मुंबईत शिवडी येथे कारखाना सुरू झाला.

या धंद्याला काळी बाजूही आहे. १९११ नंतर बेल्जियन काँगोत पामतेलासाठी घेतलेल्या मुलखात सक्तीच्या मजुरीने काम करून घेण्यात आले. तेव्हा अनुकरण करायचे ते पद्धतीचे, सगळ्याचेच नव्हे.

पण अशा कंपनीपुढे लहान माणूस टिकेल काय? १९६९ साली अहमदाबादेत सरकारी नोकरीत असलेल्या करसनभाई पटेल यांनी घरीच धुण्याची पावडर बनविली व सायकलवरून दारोदार विकली. ‘निरमा’चा भाव ‘सर्फ’च्या मानाने फारच कमी होता. मोठ्या कंपनीने प्रथम दुर्लक्ष केले. पुढे तिलाच ‘व्हील’ हा स्वस्त माल बाजारात आणावा लागला.

लिव्हर आणि पटेल या दोघांनीही मालाला स्वतःचे नाव दिले. आपले कित्येक कारागीर मात्र उत्तम चप्पल, कुलूप, कपडा बनवितात आणि तो दुसऱ्याच्या शिक्क्याखाली विकला जातो. मेहनत एकाची, नफा दुसऱ्याचा. एकसारखा दर्जा, पुरते वजन-माप आणि स्वतःचे नोंदविलेले नाव एवढ्यापासून सुरुवात करता येते. नाव नसलेल्या मालाचा भाव नेहमी दुसराच ठरवितो.