गुप्तरोग आणि एचआयव्ही संक्रामण

उपदंश, परमा, मृदू रतिव्रण, जननेंद्रियांचा परिसर्प (हर्पीझ) इ. मुख्यतः संभोगाद्वारे पसरणाऱ्या रोगांना गुप्तरोग म्हणतात. एड्सला कारणीभूत असणारा एचआयव्ही हा व्हायरसही याच मार्गाने पसरत असल्यामुळे दोन्ही एकाच व्यक्तीत आढळणे स्वाभाविक आहे. तथापि हा संबंध केवळ समान मार्गापुरता मर्यादित नाही. गुप्तरोग झालेल्या व्यक्तीस एचआयव्हीची लागण अधिक सहजपणे होते. तसेच एचआयव्हीबाधित व्यक्तीस गुप्तरोग झाल्यास तिच्यापासून जोडीदारास लागण होण्याचा संभवही वाढतो.

अखंड त्वचा व श्लेष्मकला (पोकळ इंद्रियांचे बुळबुळीत अस्तर) हा व्हायरसाच्या वाटेतील पहिला अडसर होय. उपदंश, मृदू रतिव्रण व परिसर्प यांतील व्रणांमुळे तो भंग पावतो. परमा व क्लॅमिडिया संक्रामण यांत बहुधा व्रण नसतो. पण तेथे शोथ (दाहयुक्त सूज) असतो आणि शोथाच्या जागी सीडी ४ प्रकारच्या पांढऱ्या कोशिका गोळा होतात. एचआयव्ही प्रामुख्याने याच कोशिकांत शिरतो. म्हणजे शरीर प्रतिकारासाठी ज्या कोशिका पाठविते, त्याच व्हायरसाचे भक्ष्य ठरतात. उलट दिशेने होणारा परिणामही मोजला गेला आहे. मालावी येथील १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रमार्गशोथ असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यात व्हायरसाचे प्रमाण तो नसलेल्या बाधितांपेक्षा सु. आठपट आढळले व उपचारांनंतर दोन आठवड्यांत ते घटले.

असे असेल, तर गुप्तरोग बरे केल्यास एचआयव्हीचा प्रसार मंदावला पाहिजे. टांझानियातील म्वांझा भागात हे पडताळून पाहण्यात आले. तेथील आरोग्यकेंद्रांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन औषधांचा नियमित पुरवठा करण्यात आला. दोन वर्षांत अशा गावांमध्ये १·२ टक्के, तर इतर गावांमध्ये १·९ टक्के लोकांना एचआयव्हीची नवी लागण झाली (१९९५). मात्र युगांडातील राकाई येथे सर्व प्रौढांना, लक्षणे असोत वा नसोत, दर दहा महिन्यांनी औषधे देऊनही फरक पडला नाही (१९९९). यावरून गुप्तरोगांवरील उपचार एचआयव्ही रोखण्यास निरुपयोगी आहेत, असे काहींनी काढलेले अनुमान घाईचे होते. राकाईत एचआयव्हीची साथ जुनी व सर्वदूर पसरलेली होती आणि तेथील बरेचसे व्रण परिसर्पाचे असल्याने प्रतिजैव औषधांनी ते बरे होणारे नव्हते. शिवाय दहा महिन्यांच्या अंतरात पुन्हा लागण होण्यास भरपूर अवसर होता.

परिसर्पाने पुढे आणखी एक कोडे घातले. ॲसायक्लोव्हिर हे औषध रोज दिल्याने व्रण पुष्कळच कमी झाले, पण २००८ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत एचआयव्हीची लागण कमी झाली नाही. व्रण भरून आल्यावर, औषध चालू असतानाही, त्या जागी सीडी ४ कोशिका कित्येक आठवडे टिकून राहतात असे २००९ मध्ये दिसून आले. वरून बरी दिसणारी त्वचा आतून सुरक्षित नसते, असा याचा अर्थ होतो.

पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात परिसर्पाची नुकतीच लागण झालेल्यांना एचआयव्हीचा धोका जुनी लागण असलेल्यांपेक्षाही अधिक आढळला. त्याच चिकित्सालयांतील स्त्रियांची पाहणी (१९९७) अधिक अस्वस्थ करणारी आहे. वेश्याव्यवसाय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३·६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित होत्या आणि त्यांतील बहुतेकींचा संबंध केवळ पतीशी आलेला होता. स्त्रियांत परमा व क्लॅमिडिया संक्रामण पुष्कळदा लक्षणांवाचून राहते. त्यामुळे पतीवर उपचार होऊनही पत्नी तपासणीस येतच नाही आणि काही काळाने पतीस पुन्हा लागण होते. म्हणून जोडीदाराची तपासणी व उपचार हा चिकित्सेचा भागच मानावा लागतो.

गुप्तरोगाच्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी आणि एचआयव्हीबाधिताची गुप्तरोगांसाठी तपासणी आवश्यक असते. एचआयव्हीची लागण नुकतीच झाली असल्यास पहिली चाचणी नकारात्मक येऊ शकते. यासाठी ती काही आठवड्यांनी पुन्हा करतात. निरोधाचा वापर दोन्हींपासून संरक्षण देतो. परिसर्प व उपदंश यांबाबत मात्र ते अपुरे ठरते, कारण व्रण झाकल्या न जाणाऱ्या भागावरही असू शकतात. व्हायरसरोधी औषधांनी बाधित जोडीदाराच्या रक्तातील एचआयव्ही चाचणीत न आढळण्याइतका कमी झाला असल्यास लागण होत नाही. यूरोपातील जोडप्यांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींना गुप्तरोग असतानाही अशा जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. भारतात अनेक शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. एचआयव्ही चाचणीस रुग्णाची संमती घेणे व निष्कर्ष गुप्त राखणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.