तुमचा ‘मेन’ कोण, बॉस?

पंचवीस-तीस कॅरेक्टर्स समोर उभे असतात. त्यातला एकच आपला म्हणायचा आणि त्याच्यावर हात बसवायचा. पण तो निवडायचा कसा?

लग्नाच्या साइटवर प्रोफाइल चाळताना होत नाही एवढी घालमेल आजकाल रात्री अकरा वाजता होते. दिवसभराचे मेल संपलेले असतात, जेवण उरकलेलं असतं, हेडफोन कानावर चढलेला असतो. स्क्रीनवर एकेक जण रुबाबात उभा. कुणाच्या हातात सुरे, कुणाकडे धनुष्यबाण, कुणी जखमा भरणारी. वर घड्याळ उलटं धावतंय आणि चार मित्र कानात ओरडतायत, ‘अरे, घे ना पटकन कुणीतरी!’

हे ‘कुणीतरी’च सगळ्या भांडणाचं मूळ आहे. ऑनलाइन गेम सीरियसली खेळणाऱ्यांच्या भाषेत आपल्या हक्काच्या कॅरेक्टरला ‘मेन’ म्हणतात. बाकीचे येतात-जातात, मेन आपला!

मुस्तफा माझा!

हा प्रकार नवा आहे असं समजू नका. गल्लीतलं व्हिडिओ गेम पार्लर आठवतंय? तिथल्या एका गेमला अख्खा भारत ‘मुस्तफा’ म्हणायचा. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. त्यात कॅरेक्टर्स होते चार, पण सगळ्यांना हवा असायचा पिवळी टोपी घातलेला चपळ मुस्तफा. नाणं टाकण्याआधीच ‘मुस्तफा माझा’ असं ओरडायचं, म्हणजे बुकिंग पक्कं. ज्याला उशीर झाला, त्याने उरलेल्यांतला एक घ्यायचा आणि तोंड पाडून खेळायचं.

फरक एवढाच, की तिथे आपण सगळे मिळून मशीनशी लढायचो. आता समोर हाडामांसाची माणसं आहेत, रँक आहे आणि हरलं की तो रँक खाली घसरतो. म्हणून निवड महागात पडते.

आमच्या पाच जणांच्या ग्रुपचा गेम आहे व्हॅलोरंट. रायट गेम्सने तो जून २०२० मध्ये आणला, लॉकडाऊनच्या ऐन भरात. पाच विरुद्ध पाच, जो आधी तेरा राऊंड जिंकेल तो विजेता. कॅरेक्टरला इथे एजंट म्हणतात आणि त्यांचे चार रोल असतात. पुढे घुसणारा ड्युएलिस्ट, वाट मोकळी करून देणारा इनिशिएटर, धुराचे पडदे टाकून शत्रूची नजर तोडणारा कंट्रोलर आणि मागची बाजू सांभाळणारा सेंटिनेल. एका टीममध्ये एक एजंट एकालाच मिळतो. म्हणजे पुन्हा तेच, मुस्तफा माझा!

थोडं गणित करू या

‘मी सगळेच खेळतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. ऐकायला एकदम कूल वाटतं. पण नोकरी करणाऱ्या माणसाचं गणित काय सांगतं? एक मॅच साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची. आठवड्यात पाच तास मिळाले तर सात-आठ मॅचेस. एजंट पंचवीसहून जास्त, प्रत्येकाच्या पॉवर्स चार. त्यात रँकच्या मॅचेससाठी एका वेळी सात मॅप चालू असतात.

आता बघा. एकच एजंट घेतलात तर आठवड्यात प्रत्येक मॅपवर जेमतेम एकदा खेळून होतं. चार एजंट घेतलेत, तर एकेका मॅपवर तोच एजंट पुन्हा हातात यायला महिना जातो. तोवर धुराचा गोळा कुठे टाकायचा, हे विसरायला झालेलं असतं.

मेनचा खरा फायदा इथेच आहे. बोटांना बटणं पाठ झाली, की डोकं मोकळं होतं. मग समोरचे तिघे डावीकडे का गेले, त्यांच्याकडे बंदुकीपुरते पैसे उरलेत का, आवाज कुठून आला, असं बाकीचं सगळं दिसायला लागतं. गाडी चालवण्यासारखंच. गिअरकडे बघायचं थांबलं की रस्ता दिसतो.

टियर लिस्टच्या नादी

बहुतेक जण मेन निवडतात तो टियर लिस्ट बघून. कोण सगळ्यात स्ट्राँग, कोण फालतू, याची ही यादी. सेन्सेक्ससारखी सारखी वरखाली होणारी! कारण कंपनी दर थोड्या दिवसांनी पॅच आणते आणि कुणाचे तरी पंख छाटते.

जेटचंच घ्या. बटण दाबलं की क्षणात सटकायचं, हीच तिची शान. एप्रिल २०२२ च्या पॅचने ती सवय मोडली. आधी बटण दाबून तयारी करायची, मग बारा सेकंदांच्या आत सटकायचं, नाहीतर संधी वाया. फक्त ‘स्ट्राँग आहे’ म्हणून जेट घेतलेले त्या आठवड्यात नवी यादी शोधत होते. ज्यांना जेटचा धाडसी खेळच आवडायचा, ते नवी पद्धत शिकले आणि तिच्यासोबतच राहिले.

दुसरा मोह भावनेचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये हार्बर आला, वरुण बत्रा नावाचा भारतीय एजंट, पाण्याच्या भिंती उभ्या करणारा. आमच्या ग्रुपमध्ये काय जल्लोष! दोन आठवड्यांत उत्साह ओसरला, कारण आमच्यातल्या कुणालाच कंट्रोलरचं काम आवडत नव्हतं. आपला माणूस असणं वेगळं आणि आपला रोल असणं वेगळं.

जिद्दीचं उदाहरण हवंय? जपानचा अॅम्सा बघा. गेम ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’, २००१ चा. टॉपच्या स्पर्धांमध्ये फॉक्ससारख्या कॅरेक्टर्सचा दबदबा होता आणि हा गडी वर्षानुवर्षं योशी नावाचा डायनोसॉर घेऊन बसला. योशीची चाल इतरांपेक्षा इतकी वेगळी, की समोरच्यांना त्याच्याविरुद्ध सराव करायला कुणी मिळेना. २०२२ मध्ये ‘द बिग हाऊस’ ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा त्याने योशी घेऊनच जिंकली.

उरलेलं मी घेतो...

आमच्या ग्रुपचं मात्र वेगळंच होतं. कॉलेज संपल्यावर एक बेंगळुरूला गेला, एक गुरुग्रामला, एक हिंजवडीत, मी मुंबईत. भेटायची जागा म्हणजे हा गेमच. तिघांना ड्युएलिस्टच हवा असायचा. पाचवा, ऑडिट फर्ममध्ये काम करणारा, नेहमी म्हणायचा, ‘तुम्ही घ्या रे, उरलेलं मी घेतो.’ रोज वेगळा एजंट, रोज स्कोअरबोर्डच्या तळाला आणि वर आमच्यातल्या एखाद्याचा टोमणा.

मग तो यायचाच बंद झाला. आज काम आहे, उद्या दमलोय. तीन आठवडे हेच. शेवटी बेंगळुरूच्या मित्राने फोन करून थेट विचारलं, ‘तुला या गेममध्ये मजा कशात येते?’ तो म्हणाला, ‘हे मला आजवर कुणी विचारलंच नाही.’

त्याला मजा यायची समोरचा कुठून येणार याचा अंदाज बांधण्यात. मग उत्तर सोपं होतं. सायफर! दारात अदृश्य तारा ताणणारा, भिंतीवर कॅमेरा चिकटवणारा सेंटिनेल. ऑडिटवाल्याला आणखी काय हवं? आता बसतो जाळं लावून. ‘बी साइटवर दोघं, थांबा, येऊ दे’ असं त्याने शांतपणे सांगितलं, की आम्ही चौघं मुकाट ऐकतो. रँक थोडा वर गेलाय, पण तो रात्री अकराला सगळ्यांच्या आधी ऑनलाइन असतो, हे जास्त भारी.

दिवसभर ऑफिसात, मग घरी अॅडजस्ट करणारी माणसं गेममध्येही अॅडजस्टच करत राहतात. निदान इथे तरी त्यांचा एक मेन असायला हवा.

मग निवडायचा कसा?

माझे चार साधे फंडे, बघा पटतात का.

१. हरलेली मॅच आठवा. कुणाला घेऊन हरतानाही मजा आली होती? निम्म्या मॅचेस हरायच्याच असतात, त्यामुळे हा प्रश्न पहिला.

२. आधी रोल ठरवा, चेहरा नंतर. पुढे घुसायला आवडतं, माहिती काढायला आवडतं की सांभाळायला? स्वतःशी खोटं बोलू नका.

३. निदान वीस मॅचेस द्या. चार मॅचेसमध्ये ‘हा बकवास आहे’ असं ठरवणं म्हणजे पहिल्या आठवड्यात नोकरी सोडणं.

४. त्याच रोलमधला एक बॅकअप ठेवा. आपला एजंट दुसऱ्याने आधी घेतला तर? लीग ऑफ लेजंड्समध्ये तर सुरुवातीलाच दोन्ही टीम्स पाच-पाच कॅरेक्टर्स बाद करतात. स्वीडनचा आर्माडा हा मेलीचा चॅम्पियन पीच खेळायचा, पण जिग्लीपफ समोर आली की त्याने खास तिच्यासाठी यंग लिंक तयार ठेवला होता. एक मेन, एक बॅकअप. पाच बॅकअप ठेवलेत तर पुन्हा ‘सगळेच खेळतो’ क्लबात!

आणि ग्रुपने खेळत असाल तर एक पाचवी गोष्ट. आज रात्री लॉबीत सगळे जमले, की पटकन जेटवर क्लिक करण्याआधी तो नेहमी ‘काहीही चालेल’ म्हणणारा मित्र शोधा. त्याला आधी निवडू द्या.