जुन्या चाकूचं वय ठशावरून कळतं का?

जुना मिटता चाकू हातात आला की नजर आधी पात्याच्या बुडाशी असलेल्या ठशावर जाते. ते योग्यच आहे. चूक होते ती ठसा वाचून तिथंच थांबण्यात.

शेफिल्डच्या चाकूंबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे: ठशात 'इंग्लंड' नसेल तर चाकू 1891 च्या आधीचा. याचं मूळ अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यात आहे. आयात मालावर तो कुठल्या देशात तयार झाला ते लिहिलेलं असावं, ही त्यातली अट पुढच्या वर्षी लागू झाली. पण ती अमेरिकेत उतरणाऱ्या मालापुरती होती. शेफिल्डहून थेट मुंबई बंदरात आलेल्या चाकूला ती लागू नव्हती. त्यामुळे आपल्याकडे एखाद्या जुन्या घरात सापडलेल्या चाकूवर नुसतं 'शेफिल्ड' असेल, तर तो 1880 चा असू शकतो, तसाच 1920 चाही.

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीचे चाकू ओळखणं त्यामानाने सोपं आहे, आणि नेमकी तिथंच घाई होते. 'केस एक्सएक्स' या ठशाखाली 1965 मध्ये 'यूएसए' आलं. 1970 मध्ये त्याखाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एकेक कमी होत 1979 मध्ये एकच उरला. म्हणजे सात ठिपक्यांचा चाकू 1973 चा? तसं धरून चालत नाही. 1980 मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात झाली, म्हणून सात ठिपके 1983 चेही असू शकतात. फरक अक्षरांत आहे: ऐंशीच्या दशकातल्या ठशात 'केस'मधला 'एस' विजेच्या रेघेसारखा टोकदार आहे. ठिपके मोजण्याआधी हे अक्षर पाहावं. 6254 सारखा आकडाही वर्ष सांगत नाही. त्यातला 6 मुठीचं हाड, 2 पात्यांची संख्या आणि 54 चाकूचा घाट दाखवतो. इतकी नीटस पद्धत दुसऱ्या कारखान्यांत क्वचितच दिसते, आणि म्हणूनच चाकू जमवायला लागणाऱ्यांना मी सुरुवातीला 'केस'चेच चाकू सुचवतो.

पातं गंजलेलं म्हणजे जुनं, हाही भ्रम. हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद 1913 मध्ये तयार केलं, त्यामुळे ठशात 'स्टेनलेस' असलेला चाकू त्याआधीचा नाही एवढं नक्की. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. गंजणारं कार्बन पोलाद आजही वापरलं जातं, आणि फ्रान्सची ओपिनेल कंपनी अजूनही तशा पात्यांचे चाकू विकते.

पांढरी मूठ दिसली की विक्रेता 'हस्तिदंत' म्हणतो. भिंगाखाली धरा. हाडात बारीक काळपट छिद्रं किंवा रेषा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तापलेली सुई टोचून परीक्षा घेण्याचा सल्ला अजून दिला जातो. तो मानू नका. मूठ सेल्युलॉइडची निघाली तर ती पेट घेऊ शकते. जुनं सेल्युलॉइड कुजताना त्यातून आम्लयुक्त वायू सुटतो आणि शेजारच्या चाकूंची पाती खातो, म्हणून असे चाकू वेगळे ठेवायचे. हस्तिदंताचा व्यापार भारतात बेकायदा आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. इंग्रजी आणि अमेरिकी चाकूंच्या मुठींवरचं खडबडीत सांबरशिंग मात्र पुष्कळदा भारतातूनच गेलेलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडून होणारी त्याची निर्यात थांबली.

घासून चकचकीत केल्याने किंमत वाढते, असं समजून किती सुंदर चाकू वाया गेले असतील याचं मला खरंच वाईट वाटतं. पॉलिशच्या चाकाखाली ठशाच्या कडा गोल होतात, पात्याची मूळ रुंदी कमी होते, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. सैल माती पुसा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा. बस.

'कस्टम' या शब्दाबद्दलही गोंधळ आहे. नक्षी, दुर्मिळ मूठ किंवा मर्यादित संख्या यामुळे कारखान्याचा चाकू कस्टम होत नाही. अमेरिकेतल्या इंडियानाचे चाकू-कारागीर टोनी बोस आपल्या कामशाळेत एकेक चाकू हाताने घडवत. त्यांच्या आराखड्यावरून 'केस'ने काढलेले चाकू उत्तम आहेत, पण ते कारखान्यातले आहेत. विकत घेताना या दोन्हींची किंमत एकाच तराजूत तोलू नये.