गाण्यात राहिलेले राजे

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठ गावी तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. काही वर्षांपूर्वी तिथून परतताना एसटीची वाट पाहत एका वृद्ध गावकऱ्याशी गप्पा मारत होतो. बोलता बोलता मी म्हटलं, "आजोबा, सिंहगडाच्या कड्यावर घोरपड चढवली, असं जुन्या बखरीत नाही बरं का!" आजोबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "गुरुजी, घोरपड खोटी, तर मंग आमचा तानाजीबी खोटाच म्हनायचा का?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज तो प्रयत्न करतो.

कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, म्हणजे १६७० च्या सिंहगडाच्या लढाईनंतर सत्तावीस वर्षांनी. तीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. घोरपड नाही, रायबाचं लग्नही नाही. या दोन्ही गोष्टी घराघरांत पोचल्या त्या तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. त्यात जिजाबाई सारीपाटाच्या डावात महाराजांना हरवतात आणि पैजेत सिंहगड मागतात! डफ-तुणतुण्यावर पिढ्यान् पिढ्या गायलेले असे पोवाडे ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी गोळा करून १८९१ मध्ये छापले, तेव्हा कुठे ते कागदावर स्थिरावले.

आता थोडं दूर, पश्चिम आफ्रिकेत जाऊ. तिथे मांडिंका लोकांचा राजा सुंदियाता केटा. तेराव्या शतकात त्याने सुमांगुरू नावाच्या राजाचा पराभव केला आणि माली साम्राज्य उभारलं. त्याची कथा सांभाळली ती तिथल्या 'जेली' म्हणजे वंशपरंपरागत गायक-कथेकऱ्यांनी. आपल्या गोंधळ्यांचीच आठवण व्हावी! ते सांगतात, लहानपणी सुंदियाताला चालता येत नव्हतं. आईचा अपमान झाला, तेव्हा लोखंडी कांबीच्या आधाराने तो उभा राहिला. शत्रूवर कोणतंही शस्त्र चालेना, म्हणून त्याने बाणाला पांढऱ्या कोंबड्याची नखी लावली. जिब्रिल तामसिर नियान या अभ्यासकाने एका कथेकऱ्याकडून ही कथा ऐकली आणि १९६० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली.

कोंबड्याच्या नखीने राजा हरतो का? पण चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून या राजाची नोंद करतो. नखीचं सोडून द्या. राजा होता, विजय खरा होता. त्याचा तपशील मात्र आपल्याला मुख्यतः गाण्यातूनच मिळतो.

महाराजांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. इथे पत्रं आहेत, बखरी आहेत, इंग्रज वखारवाल्यांचे कागद आहेत. म्हणून पोवाडा कागदाशी ताडून पाहता येतो. गड घेतला आणि तानाजी पडले, हे दोन्हीकडे सारखं. घोरपड फक्त गाण्यात. पण शाहिराने ती उगाच आणली नाही. तो कडा किती अवघड होता, हे ज्याने तो कधी पाहिला नाही त्याच्या डोळ्यांपुढे उभं करायचं होतं. बखरकाराने त्याच कामासाठी वानर आणले!

आणि रायबाचं लग्न? कागद त्याबद्दल साक्ष देत नाही. पण घरचं कार्य बाजूला ठेवून जाणारा माणूस उमरठच्या माणसाला आपला वाटतो. महाड तालुक्यात उतरणाऱ्या मढे घाटाने तानाजींचा देह आणला, असं लोक सांगतात. त्याचा पुरावा मागावा जरूर. पण त्या नावात साठवलेलं दुःख विसरू नये.

तेव्हा आजोबा, तानाजी खरेच. घोरपड ही त्यांच्या पराक्रमाची आपल्या लोकांनी ठेवलेली खूण. खूण म्हणजे पुरावा नव्हे, हे मुलांना सांगायला हवं. आणि पुरावा नाही म्हणून खूण पुसायची नसते, हे मी तुमच्याकडून शिकलो.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)