समजून घ्या : सर्व्हर बंद पडल्याचे आधी कोणाला कळते, रांगेला की संगणक विभागाला?

सोमेश्वरनगर : गळीत हंगामातील एखादी रात्र. दोन वाजले आहेत. काट्यावर भरलेली ट्रॉली उभी आहे, पण संगणक वजनाची नोंदच घेत नाही. मागे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग वाढत जाते. काट्यावरचा कर्मचारी फोन लावतो, पलीकडचा माणूस झोपेतून उठतो आणि शोध सुरू होतो. वीज गेली, केबल तुटली की सर्व्हर बसला? तासाभराने कळते, की सर्व्हरची डिस्क भरली होती. ती एका रात्रीत भरलेली नसते. महिनाभर भरत आलेली असते, फक्त कोणी पाहिलेले नसते.

हे चित्र कोणत्या एका कारखान्याचे नाही. संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही काट्यावर, पतसंस्थेत किंवा दूध संघात असे घडू शकते. ते टाळण्यासाठी सर्व्हरवर पहारा ठेवणारी मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. ती बसवणे फारसे अवघड नाही. वेळेवर फोन वाजेल अशी लावणे, हे खरे काम.

ऊसपट्ट्यात सर्व्हरवर काय अवलंबून असते?

बारामती तालुक्यात सोमेश्वर आणि माळेगाव, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. कारखान्यात उसाचे वाहन दोनदा काट्यावर येते : एकदा भरलेले, एकदा रिकामे. दोन्हीतला फरक म्हणजे उसाचे निव्वळ वजन. शेतकऱ्याचे बिल, तोडणीची मजुरी आणि वाहतुकीचा हिशेब याच आकड्यावर ठरतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत एफआरपी देणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रत्येक खेपेची नोंद जागच्या जागी असावी लागते. शिवाय तोडलेला ऊस जितका वेळ रांगेत थांबतो, तितका वाळतो. वजनातली ती घट शेतकऱ्याच्या पदरी पडते.

गावपातळीवरही हेच अवलंबित्व वाढते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्याकडच्या विकास सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वही गेली आणि संगणक आला, की तो संगणक चालू आहे ना, हे पाहणेही आलेच.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर नेमके काय करते?

ठरावीक वेळाने ते प्रत्येक यंत्राला प्रश्न विचारते. चालू आहेस का? डिस्क किती भरली? मेमरी किती शिल्लक? डेटाबेस उत्तर देतो का? मिळालेले आकडे ते साठवते, त्यांचा आलेख काढते आणि आकड्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की इशारा देते. रात्री फेरी मारणाऱ्या वॉचमनसारखेच हे काम. फक्त फेरी दर मिनिटाला होते आणि प्रत्येक फेरीची नोंद राहते.

मोफत पर्याय कोणते?

अमेरिकेतील ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले ‘नेटसेंट’ पुढे ‘नागिओस’ नावाने जगभर पोहोचले. ‘प्रोमिथियस’ची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीत कंपनीत झाली. त्यातील आकडे आलेखांत पाहण्यासाठी बहुधा ‘ग्राफाना’ वापरले जाते. फक्त ‘संकेतस्थळ चालू आहे की बंद’ एवढेच पाहायचे असेल, तर ‘अपटाइम कुमा’ हा हलका पर्याय आहे.

लहान संगणक विभागासाठी ‘झॅबिक्स’ सोयीचे ठरते. कारण मोजणी, साठवण, आलेख आणि इशारा हे सारे त्यात एकत्र मिळते. लाटव्हियातील अॅलेक्सी व्लादिशेव यांनी १९९८ मध्ये बँकेत काम करताना ते स्वतःच्या गरजेपोटी लिहायला घेतले आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुले केले. जून २०२४ मध्ये आलेली त्याची ७.० ही आवृत्ती दीर्घकालीन सहाय्याची आहे. परवाना शुल्क नाही. खर्च येतो तो एका संगणकाचा आणि ते सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेचा.

ते बसवायचे कसे?

झॅबिक्सचे चार भाग असतात : मुख्य सर्व्हर, डेटाबेस, ब्राउझरमध्ये दिसणारा पडदा आणि प्रत्येक यंत्रावर बसणारा छोटा ‘एजंट’. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली असलेला वेगळा संगणक यासाठी घ्यावा. काट्याचे किंवा लेखा विभागाचे सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालते, त्यावरच पहारेकरी बसवू नये. सर्व्हर पडला तर तोही सोबत पडेल.

१. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी जुळवावे. वेळ चुकली, तर आधी काय बिघडले हे नंतर कळत नाही.

२. झॅबिक्सच्या अधिकृत संकेतस्थळावर आवृत्ती, लिनक्सचा प्रकार आणि डेटाबेस निवडला, की नेमक्या आज्ञा मिळतात. त्याच क्रमाने द्याव्यात.

३. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये झॅबिक्ससाठी स्वतंत्र डेटाबेस आणि वापरकर्ता तयार करावा. सोबत मिळालेला तक्त्यांचा आराखडा त्यात भरावा आणि पासवर्ड सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये लिहावा. पहिल्यांदा बसवताना अनेकांची गाडी इथेच अडते, कारण डेटाबेसमधला आणि फाइलमधला पासवर्ड जुळत नाही.

४. सेवा सुरू करून ब्राउझरमध्ये पडदा उघडावा. पहिल्या प्रवेशाचे नाव ‘अॅडमिन’ आणि पासवर्ड ‘झॅबिक्स’ असतो. तो जगाला माहीत आहे, त्यामुळे त्याच क्षणी बदलावा.

५. ज्या यंत्रांवर लक्ष ठेवायचे, त्यांवर एजंट बसवून त्याच्या फाइलमध्ये झॅबिक्स सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा. फायरवॉलमध्ये एजंटसाठी १००५० आणि सर्व्हरसाठी १००५१ हे पोर्ट कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कपुरतेच उघडावेत.

६. पडद्यावर त्या यंत्राची ‘होस्ट’ म्हणून नोंद करून लिनक्स किंवा विंडोजचा तयार साचा जोडावा. थोड्या वेळात आकडे येऊ लागतात. नेटवर्क स्विच किंवा यूपीएसवर एजंट बसत नाही; त्यात सोय असेल, तर ‘एसएनएमपी’ पद्धतीने माहिती घेता येते.

सगळे बसले, तरी फोन का वाजत नाही?

बसवणारे बहुतेक जण इथे फसतात. पडद्यावर लाल पट्टी दिसते, पण मेसेज कोणालाच जात नाही. कारण झॅबिक्समध्ये इशारा पाठवण्याची तयार ‘अॅक्शन’ सुरुवातीला बंद असते. ती चालू करावी लागते. त्याशिवाय मेसेज कोणत्या मार्गाने जाणार, कोणाच्या पत्त्यावर किंवा क्रमांकावर जाणार, आणि त्या व्यक्तीला ते यंत्र पाहण्याची परवानगी आहे का, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. एक राहिली तरी पलीकडे शांतता.

मेसेज ई-मेल किंवा टेलिग्रामने पाठवता येतो. मात्र इंटरनेटची लाइनच तुटली, तर दोन्ही थांबतात. अशा भागासाठी जुना उपाय कामाचा आहे : सर्व्हरला सिमकार्ड असलेला जीएसएम मोडेम जोडून साधा एसएमएस पाठवणे. झॅबिक्समध्ये ही सोय आहे. पहिला मेसेज पाळीवरच्या माणसाला, ठरलेल्या वेळेत त्याने दखल घेतली नाही तर दुसरा वरिष्ठाला, अशी साखळीही लावता येते.

किती गोष्टींवर इशारा लावावा?

जितके कमी, तितके चांगले. रोज पन्नास मेसेज आले, की एक्कावन्नावा कोणी उघडत नाही. सुरुवातीला पाचच प्रश्न पुरे : यंत्र चालू आहे का, काट्याचे सॉफ्टवेअर उत्तर देते का, डेटाबेस चालतो का, डिस्कमध्ये किती जागा उरली आणि रात्रीचा बॅकअप झाला का. प्रोसेसरवर दहा सेकंद ताण आला म्हणून कोणाला उठवू नये. तो पाच मिनिटे टिकला, तरच इशारा द्यावा.

डिस्कचा हिशेब पाहा. ५०० जीबीची डिस्क ८० टक्के भरली म्हणजे १०० जीबी उरली. रोज ४ जीबी भर पडत असेल, तर हातात २५ दिवस आहेत. हंगामात तीच भर १० जीबी झाली, तर दहाच दिवस. म्हणून केवळ टक्केवारीवर न थांबता ‘या वेगाने किती दिवस उरले’ यावर इशारा लावावा. असा अंदाज काढणारे सूत्र झॅबिक्समध्ये तयार आहे.

पहारेकरीच झोपला तर?

मॉनिटरिंगचा संगणक त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर असेल आणि खोलीची वीज गेली, तर मेसेज पाठवायला कोणीच उरत नाही. म्हणून दुसरीकडे, एखाद्या लहान क्लाउड सर्व्हरवर, या पहारेकऱ्यावर नजर ठेवणारी एक साधी तपासणी लावावी. दूरच्या गट ऑफिसमध्ये ‘झॅबिक्स प्रॉक्सी’ ठेवता येते. लाइन तुटली तरी ती आकडे साठवते आणि जोडणी आल्यावर मुख्य सर्व्हरकडे पाठवते.

याने काय होणार नाही?

मॉनिटरिंग बिघाड दाखवते, दुरुस्त करत नाही. ते सायबर हल्ल्यावरचे कवचही नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रसेवा कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडले. बिघाड बँकेच्या इमारतीत नव्हता, ज्या सेवेवर ती अवलंबून होती तिथे होता. त्यामुळे स्वतःच्या यंत्रांसोबत बाहेरून घेतलेल्या सेवाही तपासणीत धराव्यात.

कायद्याची बाजू वेगळी आहे. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. झॅबिक्समधले आलेख म्हणजे हे लॉग नव्हेत. त्यांची सोय स्वतंत्र करावी लागते.

शेवटची चाचणी कोणती?

हंगाम सुरू होण्याआधी एका दुपारी, सर्वांना सांगून, काट्याच्या सॉफ्टवेअरची सेवा मुद्दाम बंद करावी आणि घड्याळ लावावे. किती मिनिटांत, कोणाचा फोन वाजला? त्याला काय करायचे हे ठाऊक होते का? ‘९९ टक्के चालू’ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण ३० दिवसांत तो सात तास १२ मिनिटांच्या खोळंब्याला मुभा देतो. ९९.९ टक्के म्हटले, तर जेमतेम ४३ मिनिटांना. हा फरक नव्या महागड्या सर्व्हरपेक्षा बिघाड किती लवकर कळला यावर अधिक ठरतो. चाचणीत फोन वाजला नाही, तर पहारा अजून बसलेला नाही, असे समजावे.